डॉक्टरांनी आधी छातीची चौकशी केली

मिरजेच्या युरोलॉजिस्टसमोर, म्हणजे मूत्ररोगांच्या डॉक्टरांसमोर बसून मी एका दमात सांगून टाकलं, की लिंगाला ताठरता येत नाही आणि आली तर टिकत नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि विचारलं, "दोन मजले न थांबता चढून जाता का? चढताना छातीत भरून येतं? जिभेखाली ठेवायची गोळी कधी घेतलीय?" मी आणि बायको एकमेकांकडे बघायला लागलो. आलो होतो कशासाठी आणि विचारणा कशाची. पण पुढं जे जे उपचार झाले त्या सगळ्यांचा पाया याच तीन प्रश्नांत होता.

मी तासगाव तालुक्यातला. खत-औषधांचं दुकान आहे, थोडी द्राक्षबाग आहे. वय पन्नाशीच्या पुढं. शुगर दहाएक वर्षांपासून, बीपी त्यानंतर लागलं. ही तक्रार एका रात्रीत आली नाही. आधी कधीतरी व्हायचं, मग वरचेवर व्हायला लागलं, आणि शेवटी पहाटे जाग येताना जी आपोआप ताठरता असायची तीही गेली. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रभरात साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते. ती शाबूत आहे आणि अडचण फक्त जोडीदाराजवळ जाताना येते, तर कारण बहुधा मनात असतं. तीही नाहीशी झाली असेल तर रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन तपासायला हवेत. हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं.

घरात याचे परिणाम दिसायला लागले होते. मी दुकान उशिरा बंद करायला लागलो. जेवण झालं की फोन घेऊन अंगणात. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, स्वभावानं सरळ. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकतंय. शुगरच्या डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला गेलो होतो, तेव्हा बाहेर बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "अहो, डोळ्यांचा पडदा तपासला, पायाची जाणीव तपासली, किडनी तपासली. हेही शुगरमुळंच होत असंल. मग हेच तेवढं का सांगायचं नाही?" आत गेल्यावर मी बोलायच्या आधी तिनंच विषय काढला. डॉक्टरांना काहीच नवल वाटलं नाही. मधुमेहात हे सर्रास होतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, असं म्हणून त्यांनी मिरजेची चिठ्ठी लिहून दिली.

गावात या दुखण्यावर इलाज विकणारे कमी नाहीत. हायवेच्या कडेला तंबू असतात, एसटी स्टँडच्या भिंतीवर पोस्टर असतात, 'पहिल्या डोसात फरक' असं लिहिलेले. अशा दुखण्यांच्या इलाजाची जाहिरात करायला १९५४च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय या विषयीच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तरी पोस्टर आहेतच. एका परिचितानं मला एक चूर्ण आणून दिलं होतं. डब्यावर वाघाचं चित्र, आत काय आहे ते कुठंच नाही. माझ्या धंद्यात हा प्रकार मी रोज बघतो. जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं असतं, शेतकऱ्याला आठ दिवसांत फरक दिसतो, आणि द्राक्ष निर्यातीच्या तपासणीत अंश सापडतात तेव्हा माल परत येतो. ज्याच्यावर घटक आणि प्रमाण छापलेलं नाही ते मी बागेत फवारायला देत नाही, मग पोटात कसं घ्यायचं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कितीतरी उत्पादनांत सिल्डेनाफिल, म्हणजे डॉक्टर या तक्रारीवर देतात त्याच गोळीतलं औषध, लपवलेलं सापडल्याचे इशारे वेळोवेळी दिले आहेत. म्हणजे फरक पडतो तो गोळीचाच, फक्त किती मिलिग्रॅम गेलं ते घेणाऱ्याला कळत नाही. हृदयाची औषधं चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत हे जिवावरचं काम आहे.

छातीची चौकशी का केली, ते डॉक्टरांनी एक आकृती काढून समजावलं. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर व्यासाच्या. हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. शुगर, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांनी धमन्यांचं आतलं अस्तर सगळीकडं सारखंच बिघडतं, पण बारीक धमनी आधी अडते. त्यामुळे ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयाच्या तक्रारीच्या दोन-चार वर्षं आधी येते. "तुम्ही ही तक्रार घेऊन आलात म्हणून मला तुमचं हृदय वेळेवर बघता येतंय," असं ते म्हणाले. त्या वाक्यानं माझा संकोच निम्मा गेला. ईसीजी, टूडी इको आणि पट्ट्यावर चालायची टीएमटी झाली. तिन्ही ठीक आल्या. कोलेस्टेरॉल मात्र वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू झाली.

रक्ताच्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन होतं. त्यासाठी रक्त सकाळीच द्यावं लागतं, कारण दिवस चढेल तशी पातळी उतरते, आणि एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत तपासून खात्री करतात. माझं चांगलं निघालं, म्हणून हार्मोनचं इंजेक्शन नको असं डॉक्टरांनी तिथंच सांगितलं. कमी नसताना ते घेऊन फायदा नसतो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ९.१ होतं, आणि खरी गोम तिथंच होती. पाच प्रश्नांचा एक कागदही भरून घेतला. प्रत्येक प्रश्नाला गुण, बेरीज पंचवीसपैकी. बावीस किंवा त्याहून जास्त म्हणजे ठीक, सातपर्यंत म्हणजे तक्रार तीव्र. माझे दहा आले. आकडा समोर आल्यावर मला उलट बरं वाटलं. इतके दिवस ज्याला नाव नव्हतं ते मोजता येत होतं, म्हणजे कमी-जास्तही होऊ शकत होतं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पाहणीत चाळीस ते सत्तर वयाच्या ५२ टक्के पुरुषांत कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार आढळली होती, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे माझ्या वयाच्या गटातले निम्मे.

बीपीच्या काही जुन्या गोळ्यांनीही ताठरता कमी होते. माझ्या दोनपैकी एक तशी होती. फिजिशियननी ती बदलून दुसऱ्या गटातली दिली. बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, ही ताकीद दोन्ही डॉक्टरांनी दिली.

मग गोळी सुरू झाली. सिल्डेनाफिल, ५० मिलिग्रॅम. हे औषध मुळात छातीच्या दुखण्यासाठी शोधलं जात होतं. चाचण्यांमध्ये त्याचा हा दुसरा परिणाम लक्षात आला आणि १९९८च्या मार्चमध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी परवानगी मिळाली. शरीरातला नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, या शोधाला नोबेल पारितोषिक मिळालं तेही त्याच वर्षी. इच्छा झाली, स्पर्श झाला, की लिंगातल्या नसा हा वायू सोडतात, वाहिन्या सैल होतात, रक्त भरतं. गोळी त्या परिणामाला लवकर विरू देत नाही. इच्छा आणि स्पर्श नसतील तर नुसत्या गोळीनं काही होत नाही.

गोळी कशी घ्यायची हे सांगायला डॉक्टरांनी जितका वेळ दिला तितका ती लिहायलाही दिला नव्हता. रिकाम्या पोटी, तासभर आधी. तेलकट, जड जेवणावर घेतली तर परिणाम उशिरा आणि कमी. असर चार-पाच तास. दारू नको. डोकं दुखेल, चेहरा तापल्यासारखा होईल, नाक चोंदेल, काहींना थोडा वेळ निळसर दिसतं. एका वेळेत निकाल लावायचा नाही, पूर्ण डोसवर किमान सहा वेळा तरी बघायचं. माझ्या ओळखीच्या एकानं मटणाचं जेवण झाल्यावर गोळी घेतली होती, लगेच आडवा झाला, काही झालं नाही, आणि 'आपल्याला गोळीपण लागू पडत नाही' म्हणून वर्षानुवर्षं मनात धरून बसला. त्याला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. काउंटरवर पट्टी मिळते, ही माहिती मिळत नाही.

आणि जिभेखालची गोळी. सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातलं कुठलंही औषध चालू असेल तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, रक्तदाब एकदम कोसळतो. उलट बाजूनंही तसंच. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि त्याच गटातली टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही. आपल्याकडे छातीत दुखलं की शेजारीपाजारी पहिल्यांदा सॉर्बिट्रेटच पुढं करतात. म्हणून मी काय घेतो याची चिठ्ठी पाकिटात आहे, आणि बायकोला व मोठ्या मुलालाही सांगून ठेवलंय. मुलाला सांगताना जड गेलं. पण रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी तोच चालवणार.

५० वर थोडा फरक पडला, १०० वर आणखी थोडा. डोकं मात्र ठणकायचं. त्यात घड्याळ. दुकान बंद करून घरी यायचं, जेवण लवकर उरकायचं किंवा मागं ठेवायचं, गोळी घ्यायची, वाट बघायची. त्या वाट बघण्यातच मन आखडायचं. मग डॉक्टरांनी टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज सुरू केली. जेवणाचा संबंध नाही, वेळेचं बंधन नाही, आठवडाभरात रक्तात एक ठरावीक पातळी राहते. माझ्यासारख्याला ही जास्त मानवली. कंबर थोडी दुखायची, पुढं थांबली. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी ते आधी सांगायला हवं, कारण दोन्ही मिळून बीपी उतरू शकतं.

याच काळात जे घडलं ते मला सगळ्या औषधांपेक्षा मोलाचं वाटतं. डॉक्टरांनी आम्हाला सांगलीतल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं होतं. त्यांनी सांगितलं, की काही आठवडे संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही. जवळ बसा, हात-पाठ चोळा, बोला, त्यापुढं नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी जोडीनं १९७०च्या सुमारास रुळवलेली ही पद्धत आहे. परीक्षाच नसली की नापास व्हायची धास्ती उरत नाही. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत बाईंनी बायकोला विचारलं, "तुम्हाला काही त्रास होतो का?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पाळी गेल्यापासून मला दुखतं. यांना सांगितलं नाही, म्हटलं आधीच यांना त्यांच्या त्रासाचं ओझं." मला तेव्हाच कळलं. म्हणजे माझा त्रास बरा झाला असता तरी तिला वेदनाच झाल्या असत्या, आणि तिनं त्याही सोसल्या असत्या. दुसऱ्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. रजोनिवृत्तीनंतर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्याला इस्ट्रोजेनचं क्रीम आणि वंगणाचं जेल, इतका साधा उपाय होता. या दुखण्यात नवऱ्याला एकट्याला तपासणं म्हणजे अर्धी तपासणी, असं माझं ठाम मत झालंय. बायकोला बाहेर बाकावर बसवून आत जाणारे कितीतरी पुरुष मी त्या दवाखान्यात बघितले. आत दोन खुर्च्या असतात.

गोळी आणि समुपदेशन, दोन्ही मिळून बराच फरक पडला, पण भरवसा नव्हता. कधी जमायचं, कधी नाही. मधुमेहानं नसाच थकलेल्या असतात, त्यामुळे तो वायूच कमी सुटतो आणि गोळीला राखायला काही मिळत नाही. तेव्हा डॉपलर, म्हणजे लिंगातला रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी, करायचं ठरलं. त्या दिवशी टाडालाफिल घेतली नव्हती. अंधाऱ्या खोलीत टेबलावर झोपवून इन्सुलिनच्या सुईइतक्या बारीक सुईनं लिंगाच्या बाजूला औषध टोचतात. टोचल्याचं दुखणं मुंगी चावल्याहून जास्त नाही. मग जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात आणि दर पाच मिनिटांनी रक्ताचा वेग मोजतात. सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या वर वेग असला तर धमन्या चांगल्या, २५च्या खाली असला तर पुरवठाच अपुरा. माझा या दोन्हींच्या मधला आला. भरलेलं रक्त शिरेतून परत गळून जातंय का तेही बघतात, तो दोष नव्हता. निघताना बजावलं, की ताठरता चार तासांच्या वर राहिली तर रात्र असो की पहाट, सरळ यायचं, थांबायचं नाही. तशी वेळ आली नाही.

अहवाल टेबलावर ठेवून डॉक्टरांनी पुढचे मार्ग मांडले, आणि निर्णय तुम्ही दोघांनी घ्यायचा असं सांगितलं. पहिला व्हॅक्यूम पंप. नळी लावून हवा ओढायची, रक्त आलं की मुळाशी रबरी रिंग चढवायची, ती अर्ध्या तासाच्या आत काढायची. औषध पोटात जात नाही, हा त्याचा मोठा गुण. आम्ही वापरून बघितला. काम होतं, पण लिंग थंड लागतं, थोडं निळसर दिसतं, आणि सगळं हाताळण्यात मन दुसरीकडेच जातं. बायकोला तो रुचला नाही. ज्यांना नायट्रेटमुळे गोळ्या चालतच नाहीत त्यांना मात्र तो चांगला आधार आहे.

दुसरा मार्ग डॉपलरच्या वेळी टोचलं तेच इंजेक्शन घरी घ्यायचं. हे मेंदू-नसांच्या फेऱ्यात न अडकता थेट वाहिन्या सैल करतं. १९८३ साली लास व्हेगासच्या युरोलॉजी परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञानं स्वतःला असं इंजेक्शन घेऊन त्याचा परिणाम भर सभेत दाखवला होता. तोपर्यंत डॉक्टरमंडळीही हे दुखणं मनाचंच समजत. एका माणसानं आपली लाज बाजूला ठेवली म्हणून पुढच्या लाखो लोकांची सोय झाली, मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

डोस ठरवायला पहिली इंजेक्शनं दवाखान्यातच दिली, अगदी थोड्या मात्रेपासून. सिस्टरनी दोघांना शिकवलं. वरच्या बाजूला शिरा-नसा, खाली मूत्रमार्ग, म्हणून सुई कायम बाजूला, एकदा डावीकडे तर पुढच्या वेळी उजवीकडे. टोचल्यावर कापसानं पाच मिनिटं दाबून धरायचं. चोवीस तासांत एकदाच, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही. पापावेरिन, फेंटोलामिन आणि अल्प्रोस्टाडिल यांचं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. ते आमच्याकडे औषधांच्या डब्यात सगळ्यात खाली असतं. पहिल्यांदा माझा हात थरथरला तेव्हा बायको म्हणाली, "आणा इकडं, सासूबाईंना रोज इन्सुलिन मीच देत होते." तेव्हापासून ते काम तिचं.

तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. लिंगात दोन दांड्या बसवतात. एक प्रकार वाकवता येणाऱ्या दांड्यांचा, दुसरा पाणी भरून फुगणारा. फुगणारा १९७३पासून आहे, परदेशातून येतो आणि महाग पडतो. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक दुखण्यांचे डॉक्टर, डॉ. रूपिन शहा यांनी आपल्याकडच्या रुग्णांना परवडेल असा दांड्यांचा प्रकार तयार केला, तो शहा प्रोस्थेसिस म्हणून ओळखला जातो. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थांशी, त्यांची परवानगी घेऊन, फोनवर बोलणं करून दिलं. त्यांची प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली होती, त्यात नसा गेल्या, गोळ्यांनी काही झालं नाही. सहा आठवडे थांबावं लागलं, सुरुवातीला दुखलं, आता दोघं समाधानी आहेत, असं ते मोकळेपणानं म्हणाले. पण हा मार्ग परतीचा नाही. आतला स्पंजासारखा भाग दांड्यांना जागा देतो, नंतर गोळी-इंजेक्शनचा उपयोग उरत नाही. आणि शुगर जास्त असली तर जंतुसंसर्गाचा धोका. माझं एचबीएवनसी बघता डॉक्टर स्वतःच म्हणाले, आता नको.

शॉकवेव्ह (यंत्रानं लिंगावर ध्वनिलहरींचे हलके धक्के देणं) आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून टोचणं) यांबद्दल मीच विचारलं. मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकनं फोनवर पॅकेज सांगितलं होतं, अर्धे पैसे आगाऊ. अमेरिकेच्या युरोलॉजी संघटनेची मार्गदर्शक सूचना या दोन्हींना अजून प्रायोगिक मानते, कुणी संशोधनात सहभागी करून घेत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी खिशातले पैसे घालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही पैसे भरले नाहीत.

सध्या टाडालाफिल रोज चालू आहे आणि हवं तेव्हा इंजेक्शन. तंबाखू सुटली, ती सोडायला जितका त्रास झाला तितका कशालाच झाला नाही. सकाळी बागेच्या बांधावरून तासभर चालणं होतं, भाकरी अर्ध्यावर आली. एचबीएवनसी ६.९ आहे. पाच प्रश्नांचा कागद पुन्हा भरला तेव्हा एकोणीस आले, आणि मधूनमधून पहाटेची ताठरताही जाणवते. डॉक्टरांना त्या गुणांपेक्षा या पहाटेच्या गोष्टीचा जास्त आनंद झाला, कारण ती धमन्या आणि नसा सावरत असल्याची खूण आहे. ऑक्टोबर छाटणीची गडबड उरकली की पुढची भेट. शुगर अशीच राहिली तर इंजेक्शनची मात्रा कमी करून बघायची ठरलंय. बायकोच्या तपासणीची वेळही त्याच दिवशीची घेतली आहे.